विमानाचा घसारा

नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून पदरचे पैसे खर्च करणारी माणसं या जगात आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर माझी समजूत नेमकी उलटी होती. आमच्या घराण्यात सगळा खटाटोप जुनं ते नवं दिसावं म्हणूनच चालत आलेला आहे. दिवाळीआधी लोखंडी कपाटाला रंग, सोसायटीच्या निवडणुकीआधी जिन्याला रंग आणि मुलीच्या लग्नाआधी वधूपित्याच्या मिशीला रंग, एवढीच रंगकामाची व्याप्ती मला ठाऊक. पण प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडून रंगवणाऱ्या मंडळींचा एक पंथ आहे. ही मंडळी आधी विमान नवं कोरं रंगवतात आणि मग तेवढीच मेहनत घेऊन ते मळवतात. याला ते ‘वेदरिंग’ म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ, धूर, तेल आणि बुटांचे तळवे यांनी खऱ्या विमानाचं जे होतं, ते खोट्या विमानाचं मुद्दाम करायचं.

मराठीत याला शब्द काय, असा मला प्रश्न पडला, आणि माझ्या बी.कॉम.च्या पदवीचा वीस वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला. याला मराठीत घसारा म्हणतात! यंत्र घेतलं की दर वर्षी त्याची किंमत थोडी थोडी उतरवायची, तोच घसारा. फरक इतकाच की आम्ही तो वहीत मांडतो आणि ही मंडळी तो ब्रशनं लावतात.

आमचा भाचा या पंथातला. त्याच्यामुळे गेली काही वर्षं मी या कलेचा प्रेक्षक आहे. स्वतः ब्रश हातात धरलेला नाही आणि धरणारही नाही. समीक्षकाला ब्रश धरावा लागत नाही, ही सोय समीक्षकांनीच करून ठेवलेली आहे. तिचा फायदा मी का घेऊ नये? शिवाय माझी एक पात्रता आहे. मी बँकेत आहे. जुनी झालेली वस्तू म्हणजे काय, हे मळक्या नोटा मोजणाऱ्या माणसाइतकं कुणाला कळणार? नोट कधीच सारखी मळत नाही. आधी घडीवर झिजते, मग कोपऱ्यांवर, मग मधोमध, जिथे अंगठा पडतो तिथे. मासळीवालीच्या नोटेला एक वास असतो, पेट्रोल पंपावरच्या नोटेला दुसरा, आणि देवळाच्या पेटीतल्या नोटेला हळदकुंकू लागलेलं असतं. आमचे एक कॅशियर नोटेकडे बघून तिचं कुळ सांगायचे. उद्या कुणी कोरी नोट चहात बुडवून ‘ही जुनी’ म्हणून काउंटरवर ठेवली, तर ते चष्मा वर करून एवढंच म्हणाले असते, “ही जुनी नाही. ही भिजलेली आहे.”

या पंथातल्या निम्म्याअधिक विमानांवर माझी टीका तीच आहे. ती जुनी नसतात. भिजलेली असतात.

आता हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझी तक्रार कळेल. ‘एकास बहात्तर’ हे या पंथाचं लाडकं प्रमाण. सहा फूट खरे, तर एक इंच खोटा. पाच फूट आठ इंचांचा वैमानिक या हिशेबानं चोवीस मिलिमीटरचा होतो, म्हणजे दुहेरी कोटाच्या बटणाआड लपेल एवढा. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं प्रसिद्ध स्पिटफायर विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरतं. त्याला आधी प्रायमर, मग एअरब्रशनं मूळ रंग, मग चकचकीत वार्निश. त्यावर पाण्यात भिजवून सोडवलेली चित्रं आणि आकडे चिकटवायचे. मग तपकिरी-काळा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. याला ‘वॉश’ म्हणतात. आमच्याकडे धुतल्यावर वस्तू स्वच्छ होते, यांच्याकडे मळते. शेवटी चमक घालवणारं वार्निश, त्यावर खडूची पूड, पेन्सिलीचं शिसं, असं काय काय.

रंगाचे टवके उडालेले दाखवण्याच्या तर युक्त्याच आहेत. आधी चंदेरी रंग द्यायचा, तो वाळला की त्यावर केसांवर मारायचा स्प्रे मारायचा, त्यावर हिरवा रंग. मग ओल्या ब्रशनं घासलं की खालचा स्प्रे विरघळतो आणि हिरव्याचे पोपडे निघून चांदी दिसते. दुसरी युक्ती मिठाची. ओल्या पत्र्यावर मिठाचे कण बसवायचे, वरून रंग द्यायचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचं. तिसरी भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याची. थोडक्यात, हा छंद अर्धा न्हाणीघरातून आणि अर्धा स्वयंपाकघरातून चालतो. ताईचा हेअरस्प्रे महिन्याच्या आत का संपतो, याचा शोध लागेपर्यंत भाचीवर भलता संशय घेतला गेला होता.

हातकौशल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चोवीस मिलिमीटरच्या माणसाच्या भुवया रंगवणाऱ्याला मी कोण बोलणार? माझी तक्रार हिशेबाची आहे. आमच्या बँकेत एक साधा नियम आहे: व्हाउचरशिवाय नोंद नाही. खात्यात रक्कम आली तर ती कुठून आली, गेली तर कुणाकडे गेली, याचा कागद हवा. विमानावर काळा डाग दिसला की मी विचारतो, “याचं व्हाउचर कुठाय?” आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, “मामा, तो उठून दिसतो.” उठून दिसतो हे व्हाउचर नव्हे! उठून दिसतो म्हणून आम्ही कुणाच्या खात्यावर पाच लाख टाकले, तर इन्स्पेक्शनला काय सांगायचं?

सर्वांत मोठा गैरव्यवहार पत्र्याच्या सांध्यांचा. खऱ्या विमानाचे पत्रे एकमेकांना असे भिडवलेले असतात की मधली फट मिलिमीटरभरही क्वचित असते. बहात्तरानं भागा, ती डोळ्यांना दिसणारच नाही. पण प्लॅस्टिकच्या साच्यात तेवढी बारीक रेघ कोरता येत नाही, म्हणून ती जाड कोरलेली असते. एक पंचमांश मिलिमीटर धरली, तरी बहात्तरानं गुणल्यावर साडेचौदा मिलिमीटर होते. अर्ध्या इंचाची फट! त्या फटीत हे लोक काळा रंग भरतात, वर कौतुकानं म्हणतात, “बघा, सगळे पॅनेल कसे खुलले!” खुलतीलच. अर्ध्या इंचाच्या फटी असलेलं विमान आकाशात गेलं असतं, तर पॅनेलच काय, सगळंच खुललं असतं.

हे वेड एका दिवसात आलेलं नाही. 1970 च्या दशकात बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हेर्लिंडेन यांनी वॉश आणि कोरड्या ब्रशचा असा काही प्रसार केला की जगभरची टेबलावरची विमानं आणि रणगाडे एकदम वयात आले. त्याआधी बरीचशी मॉडेलं खेळण्यासारखी गुळगुळीत असत, तेव्हा ही सुधारणाच होती. पुढे स्पेनमधल्या मंडळींनी त्यावर कडी केली. प्रत्येक पत्र्याचा मध्य फिका, कडा गडद, सूर्य जणू प्रत्येक पत्र्यावर वेगवेगळा उगवलेला. स्पॅनिश पद्धत म्हणूनच ती ओळखली जाते. त्यांच्यातल्या उत्तम कारागिराच्या हातचं काम चित्र म्हणून बघावं, मला ते आवडतं. पण गावोगावच्या शिष्यांनी तिचा नियमच केला. मूळ रंगाच्या आधी प्रत्येक सांध्यावर काळी रेघ फवारून घ्यायची, म्हणजे वरून दिलेल्या रंगातून ती सावलीसारखी दिसते. विमान आफ्रिकेच्या वाळवंटातलं असो, नॉर्वेच्या बर्फातलं असो, की कालच कारखान्यातून आलेलं असो, सगळ्यांना सारख्याच काळ्या चौकटी. आम्हाला घसाऱ्याच्या दोन मुख्य पद्धती शिकवल्या होत्या. त्यांपैकी सरळ रेषेच्या पद्धतीत दर वर्षी डोळे मिटून सारखीच रक्कम उतरवतात. या मंडळींचीही सरळ रेषेचीच पद्धत, आणि तीसुद्धा काळ्या शाईची.

याचा कळस मी पाहिला तो एका टेहळणीच्या स्पिटफायरवर. 1939 साली सिडनी कॉटन या खटपट्या ऑस्ट्रेलियनानं इंग्लंडमध्ये काही स्पिटफायरांतल्या बंदुका काढून कॅमेरे बसवले. विमानाला वेग मिळावा म्हणून त्याच्या माणसांनी सांध्यांतल्या फटी लुकणानं भरून घेतल्या आणि सगळं अंग घोटून घोटून गुळगुळीत केलं. शत्रूच्या डोक्यावरून बिनबंदुकीचं जायचं, तर पळणं हेच शस्त्र. ज्या विमानाच्या फटी माणसांनी मुद्दाम बुजवल्या, त्याच विमानाच्या मॉडेलवर आमच्या कलावंतानं त्या सगळ्याच्या सगळ्या काळ्या रंगात पुन्हा उघडल्या होत्या! बुडीत खातं बंद केल्यावर कुणी त्याच्यावर व्याज लावावं, तसा हा प्रकार.

उलट ज्या डागाला व्हाउचर असतं, तो डाग बघताना माझ्यासारख्या अरसिकालाही गहिवरून येतं. 1940 च्या लढाईतल्या स्पिटफायरच्या पंखांत आठ बंदुका, बाजूला चार-चार. ओल आणि कचरा आत जाऊ नये, वर थंडीत बंदूक गोठू नये, म्हणून त्यांच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवत. बंदूक चालली की गोळी ते कापड फाडून बाहेर पडे. आता बघा, ही दुहेरी नोंद झाली. कापड फाटलेलं असेल तर मागे पंखावर काजळी हवी, आणि पंखाच्या खाली, जिथून रिकामी काडतुसं पडतात, तिथेही हवी. कापड शाबूत असेल तर काजळी नको. मी कितीतरी मॉडेलं पाहिली आहेत, ज्यांच्यावर लाल तुकडे नव्या कुंकवासारखे लखलखीत आणि मागे पंखभर काजळी. जमा एकीकडे, नावे दुसरीकडे, आणि ताळेबंद जुळत नाही तो नाहीच. या विमानानं गोळ्या झाडल्या की नाही? परत आलेल्या विमानाचं फाटलेलं कापड बघून धावपट्टीवरच्या माणसांना वैमानिक खाली उतरायच्या आधी कळायचं, की वर काहीतरी घडलंय. मॉडेलवाल्याला मात्र ते कळू नये?

तसंच पायाचं. स्पिटफायरमध्ये चढायचं छोटं दार डाव्या बाजूला असतं. वैमानिक डाव्या पंखावर पाय देऊन चढतो. तेव्हा डाव्या पंखाच्या मुळाशी रंग जास्त झिजतो. उजव्या बाजूला दुरुस्तीवाल्यांचे बूट पडतात, नाही असं नाही, पण दोन्ही बाजूंची झीज आरशात पाहिल्यासारखी सारखी कशी असेल? आमच्या बँकेचा उंबरठासुद्धा एकाच बाजूला झिजला आहे, कारण दाराची दुसरी झडप गेल्या कित्येक वर्षांत उघडलेलीच नाही.

आणि गंज! अ‍ॅल्युमिनियमच्या पंखावर तांबडा गंज रंगवणारे लोक मी पाहिले आहेत. या लोकांनी घरातलं दुधाचं पातेलंसुद्धा कधी नीट बघितलेलं नाही.

याहून गमतीचं प्रकरण मॉस्किटोचं. हे ब्रिटिशांचं दोन इंजिनांचं विमान लाकडी. बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, अशी धडाची बांधणी. युद्धात धातूची टंचाई, तेव्हा फर्निचरचे कारखानेसुद्धा याचे भाग करू लागले. त्याचं धड डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत बनवत आणि मग चिकटवत, म्हणजे हुबेहूब आमच्या भाच्याच्या डब्यातल्यासारखं. खऱ्यातही मॉडेलसारखं जोडलं गेलेलं हे विमान. लाकडावर मढवलेलं कापड मादापोलम जातीचं, म्हणजे आपल्या मांजरपाटाचं भावंड. आंध्रातल्या नरसापूरजवळच्या ज्या गावात कंपनी सरकारची कापडाची वखार होती, त्या गावाचं नाव त्याला पडलेलं. आता अशा लाकडाकापडाच्या विमानाचा रंग उडाला, तर खालून काय दिसेल? लाकूड, कापड, अस्तराचा रंग. आणि आमचे कलावंत काय दाखवतात? चांदी! पंखभर चंदेरी टवके. इंजिनांवरची झाकणं धातूची होती, तिथं चांदी दाखवली तर व्हाउचर आहे. पण पंखावर? आमच्या ताईच्या शिसवी पाटावरचा रंग खरवडल्यावर खाली स्टील निघावं, तसं ते दिसतं.

मॉस्किटोचा खरा घसारा पाहायचा, तर आपल्याकडेच येऊन गेला. 1944 साली भारतात काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निकामी होऊन अपघात झाले, विमानं जमिनीवर बसवून चौकशी झाली. आधी संशय आपल्या उकाड्यावर आणि दमट हवेवर, मग जोडकामातले दोषही निघाले. आमच्या दिवाणखान्याचं दार पावसाळ्यात फुगतं तेव्हा दोष पावसाचा की सुताराचा, हा वाद घरोघरी चालतो. तोच वाद, फक्त आत माणसं बसलेली. हे वेदरिंग कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

कधी कधी मात्र डाग दिसतो खोटा आणि असतो खरा. भाच्याच्या कपाटात अमेरिकनांचं एक निळं कोर्सेअर आहे, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. त्याच्या नाकाडावर, वैमानिकाच्या पुढे, पांढऱ्या जाड पट्ट्यांच्या चौकटी आहेत. मी खवचटपणे म्हटलं, “हे काय, पोत्याला लेबल लावल्यासारखं?” तेव्हा त्यानं व्हाउचरच काढून दाखवलं. वैमानिकाच्या पुढ्यात पेट्रोलची टाकी, तिच्या सांध्यांतून गळून पेट्रोल समोरच्या काचेवर उडे, म्हणून तिथल्या माणसांनी सांध्यांवर चक्क चिकटपट्ट्या मारून टाकल्या. सगळ्या विमानात ती कुरूप पांढरी पट्टी हीच मला सर्वांत देखणी वाटली. तीत एक मनुष्य दिसतो: हातात चिकटपट्टीचं बंडल, डोक्यावर ऊन, आणि ‘कारखान्यातल्या साहेबांना कळवलंय, येईल उत्तर’ असं म्हणणारा. असा मनुष्य आमच्याही शाखेत आहे. प्रिंटर त्याच्याच चिकटपट्टीवर चालतो.

आणखी एक उलटा न्याय सांगतो. 6 जून 1944 ला नॉर्मंडीवर उतरायच्या आधी आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत, म्हणून हजारो विमानांवर काळेपांढरे पट्टे ओढायचा हुकूम ऐनवेळी सुटला. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा अठरा इंचांचा. एका-दोन रात्रीत काम संपवायचं, मग काय विचारता! मिळेल त्या ब्रशानं, घाईघाईत, हातानं. फोटोंत ते पट्टे वाकडेतिकडे, ओघळलेले, कुठे खालचा रंग डोकावतोय. आमचे मॉडेलवाले काय करतात? कागदाची चिकटपट्टी लावून पट्टीनं मोजून सव्वासहा मिलिमीटरचे, धारेवर हात कापेल असे सरळ पट्टे मारतात. आणि त्यानंतर, इतके सरळ पट्टे बरे दिसत नाहीत म्हणून, त्यांवर धूळ उडवतात! जिथे गबाळेपणा खरा होता तिथे टापटीप, आणि जिथे टापटीप खरी होती तिथे गबाळेपणा.

या पंथात सगळेच असे आहेत, असं मात्र नाही. अमेरिकेचे शेप पेन हे या कलेतले माझे आवडते गृहस्थ. 1970 च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या डब्यांतून त्यांच्या देखाव्यांची पत्रकं यायची. त्यांतलं पोटावर उतरलेलं बी-सतरा बॉम्बर विमान मी फोटोत पाहिलं आहे. त्यात मळ आहे, मोडतोड आहे, पण नजर मळावर जात नाही. नजर जाते ती ‘आतली माणसं वाचली का’ इकडे. मळ तिथे नोकरासारखा उभा आहे, बोलावलं तर पुढे येतो.

हे सगळं मी भाच्याला वेळोवेळी ऐकवत आलो आहे. तो ऐकून घेतो. मामाचं ऐकून घेण्याची रीत आपल्याकडे अजून शिल्लक आहे. पण त्याचं एक म्हणणं असे, की “मामा, विमान एवढं स्वच्छ ठेवलं तर ते युद्धातलं वाटतच नाही.” या मुद्द्यावर मी अडखळत असे. उत्तर मिळालं ते गेल्या वर्षी, ताईच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजोबांकडून.

आजोबा हवाई दलात फिटर होते. 1971 च्या युद्धात त्यांनी नॅट विमानांवर काम केलेलं. नॅट म्हणजे इंग्लंडात आराखडा झालेलं आणि आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बंगळूरला बनवलेलं चिमुकलं लढाऊ विमान. एकास बहात्तरात ते तळहातावर राहून वर बोटं रिकामी उरतात. भाच्यानं नॅट पुरं केलं होतं आणि त्यावर सगळी विद्या ओतली होती. सांधे काळे, पोट तेलानं माखलेलं, कडांना टवके. आजोबांना दाखवायला म्हणून तो मुद्दाम ते खाली घेऊन गेला, मी बरोबर.

आजोबांनी चष्मा बदलला. विमान नाकाकडून पाहिलं, शेपटीकडून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग पोटावरच्या एका ओघळीवर नख ठेवून विचारलं, “हे काय आहे?”

“हायड्रॉलिक तेल, आजोबा. गळती.”

“कुठून गळतंय?”

भाचा गप्प.

“ओघळ दिसली की आम्ही आधी पुसत नव्हतो,” आजोबा म्हणाले. “आधी शोधायचो, कुठून आली. सापडली की बंद करायचो. मग पुसायचो. ही तू शोधली नाहीस, बंद केली नाहीस, पुसली नाहीस, आणि विमान वर पाठवायला निघालास?”

भाच्याचा चेहरा उतरला. प्रसंग सावरायला म्हणून मी इतिहास काढला. म्हटलं, “युद्धाची धामधूम, आजोबा. 14 डिसेंबरला श्रीनगरला सेबर विमानांचा हल्ला चालू असताना सेखोंनी नॅट वर नेलं. एकट्यानं झुंजले, गेले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. अशा गडबडीत विमान पुसायला कुणाला वेळ असणार?”

आजोबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग विमान टेबलावर ठेवून म्हणाले, “मी तिथं नव्हतो, दुसरीकडे होतो. पण त्याही विमानाला त्या दिवशी पहाटे कुणीतरी फडका मारला असेल. कुणी म्हणजे आमच्यासारखाच कुणीतरी. थंडीत बोटं वळत नाहीत, तरी मारला असेल. वर बसणारा पोरगा आपल्या हवाली विमान ठेवून झोपायला गेलेला असतो.”

मला एकदम 1940 ची ती स्पिटफायर आठवली. तिच्या मागेही एक फिटर आणि एक रिगर असे. कित्येक विमानं कारखान्यातून येऊन थोड्याच दिवसांत पडली. त्यांच्यावर वर्षांचा मळ साचायला वर्षं होती कुठे? वैमानिकही विशी-बाविशीचे, तेही नवेच. आणि आपण त्यांच्या विमानांना जुनं करत बसतो, जुनं व्हायला त्यांना मिळालं नाही ते आपण बाटलीतून देतो. मळका नॅट करणं म्हणजे नुसतं विमान मळवणं नव्हे. कुणातरी फिटरच्या गोपनीय अहवालात ‘कामात निष्काळजी’ असा शेरा मारणं आहे, तोही त्याला न कळवता. आमच्या बँकेत असा शेरा आला तर त्याला खुलासा तरी देता येतो.

भाच्यानं पुढच्या आठवड्यात कापसाच्या काडीला थिनर लावून नॅट जवळजवळ सगळं उतरवलं. धुराच्या नळीमागे तेवढा काळसरपणा ठेवला, चाकांना धूळ ठेवली, एवढंच. विमान एकदम लहान आणि एकदम खरं दिसायला लागलं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं टिश्यू पेपरचा चार मिलिमीटरचा एक चौकोन कापला, चुरगळला आणि डाव्या पंखाच्या मुळाशी ठेवून डिंकानं चिकटवला. फडका! ते घेऊन आम्ही पुन्हा खाली गेलो.

आजोबांनी भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं. मान हलवली. मग म्हणाले, “विमान ठीक आहे. पण फडका एवढा पांढरा? आमचा फडका असा कधीच नव्हता रे. सगळी घाण त्याच्यावर असायची.”

त्यानंतरचा आख्खा रविवार भाचा तो चार मिलिमीटरचा फडका मळवत बसला होता. या खेपेला मी व्हाउचर मागितलं नाही.